सांदण दरी एका दिवसात: कुठपर्यंत उतरायचे, हे मुंबईतच ठरवा

मुलुंडच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

"जानेवारीत घरातल्या आणि ओळखीतल्या नऊ जणांनी सांदण दरीला जायचे ठरवले आहे. माझे दीर कॉलेजात असताना बरेच गडकिल्ले फिरले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की शनिवारी रात्री उशिराची कसारा लोकल धरावी, पहाटे जीपने साम्रदला पोहोचावे, मुंबईहून भाड्याने नेलेले दोर आणि हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) वापरून दरी पूर्ण उतरावी, खाली देहणे गावात निघावे आणि आसनगावहून लोकलने रविवारी रात्री घरी यावे. आमच्यात 52 वर्षांच्या नणंदबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. माझा मुलगा 13 वर्षांचा आहे, त्याने रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणे, कधी केलेले नाही. आयोजकाला पैसे कशाला द्यायचे, असे दीर म्हणतात. हे एका दिवसात जमेल का? आणि बायकांच्या सोयीचे काय, हे विचारायला घरात कोणाला सुचलेले नाही."

आपल्या घरात वाद मिटत नाही याचे कारण मला असे दिसते, की आपण सगळे ज्याला एक बेत समजत आहात ते मुळात दोन बेत आहेत आणि दोघांनाही 'सांदणचा ट्रेक' असेच म्हटले जाते. पहिल्या बेतात साम्रदहून दरीत शिरायचे, दोराची गरज लागते त्या कड्यापर्यंत चालत जायचे आणि त्याच वाटेने परत वर यायचे. दुसऱ्या बेतात दोराने एकेक टप्पा उतरत दरी पार करायची आणि मग एकतर देहण्याकडे कोकणात उतरायचे, नाहीतर करोली घाट चढून पुन्हा साम्रदला यायचे. पहिला बेत आपल्या नऊही जणांना, नणंदबाई धरून, नीट आखणी केल्यास एका दिवसात झेपेल. दुसरा बेत या नऊ जणांनी, रात्रभराच्या जागरणानंतर, अनुभवी माणसाविना करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. साम्रद हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या पलीकडचे छोटे गाव आहे. एका बाजूला रतनगड, दुसऱ्या बाजूला अलंग, मदन, कुलंग आणि मागे 1646 मीटर उंचीचे कळसूबाई. गावाजवळच्या पठारात एक अरुंद भेग आहे, ती कोकणाच्या दिशेने खोल खोल होत जाते. हा सगळा प्रदेश सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. त्यातल्या उभ्या भेगांत पाणी शिरून खडक झिजत आणि तुटत गेला. दोन्ही बाजूंना शेकडो फुटांच्या भिंती आणि मध्ये काही ठिकाणी जेमतेम दोघांना शेजारी उभे राहता येईल एवढी वाट, असे तिचे रूप आहे. ट्रेकच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट ही, की दरीत पायवाट अशी नाहीच. वरून निखळलेले दगडधोंडे तळाशी पडलेले आहेत आणि त्यांच्यावरूनच, कधी हात टेकत, कधी बसून सरकत पुढे जायचे असते. पावसाळ्यातल्या लोंढ्याने घासून गुळगुळीत झालेल्या दगडावर पाय सटकतो आणि मोकळा पडलेला दगड पायाखाली हलतो. म्हणून किलोमीटर मोजून वेळेचा हिशेब करण्याचा आपला नेहमीचा प्रकार इथे उपयोगाचा नाही.

आता मुख्य मुद्दा. चालत जाण्याचा भाग जिथे संपतो तिथे पहिला मोठा टप्पा येतो, तो सुमारे 45 फुटांचा आहे. त्यापुढचे टप्पे त्याहून लहान आहेत. शेवटचा माणूस उतरल्यावर दोर पुढच्या टप्प्यासाठी खाली ओढून घ्यावा लागतो, आणि तो ओढला त्या क्षणी परत फिरण्याचा मार्ग संपतो. त्यानंतर कोणाचा गुडघा सुजला, कोणाला चक्कर आली, मुलगा रडकुंडीला आला, तरी पुढचे सर्व टप्पे उतरून दरीच्या खालच्या तोंडाशी पोहोचणे आणि तिथून काही तासांची उतरण किंवा चढण पार करणे, एवढेच हाती उरते. मोबाइलला रेंज नसते. बाहेरून मदत येण्यास किती वेळ लागेल हे दरीत अडकलेल्याला कळत नाही. त्यामुळे दोर लावायचा की नाही हा निर्णय त्या कड्यावर उभे राहून, समोरचे लोक उतरताना पाहून आणि मागून कोणी "चला, होईल" म्हणत असताना घेण्यासारखा नाही. तो मुंबईतच, घरात सगळ्यांना समोर बसवून घ्यावा आणि तिथे बदलू नये.

आपल्या दिरांनी वेळेचा हिशेब कसा केला आहे हे पत्रावरून कळत नाही, पण तो मी करून पाहिला. प्रथमच उतरणाऱ्या माणसाला हार्नेस घालणे, तपासणे, कड्यावरून पाठ फिरवून पहिले पाऊल टाकण्याचा धीर करणे आणि खाली जाऊन दोर सोडणे, या सगळ्याला सात-आठ मिनिटे धरली, तर नऊ जणांना एका टप्प्यावर तासाहून अधिक वेळ लागतो. रविवारी आपल्यापुढे चाळीस जणांचा एक गट असला, आणि हिवाळ्यातल्या रविवारी तो असतोच, तर दोन दोर लावलेले असूनही अडीच तास त्या थंड सावलीत बसून राहावे लागेल. मुंबई परिसरात जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सहा ते साडेसहाच्या सुमारास मावळतो. दरीच्या तळाशी तर उजेड त्याच्या बराच आधी कमी होऊ लागतो. सकाळी आठला दरीत शिरलेला गट अशा रविवारी पहिल्या टप्प्याखाली पोहोचेपर्यंत दुपार टळलेली असते, आणि देहण्याच्या उतरणीवर अंधार गाठतो. आसनगावची लोकल हा त्यानंतरचा प्रश्न.

दोर भाड्याने नेण्याविषयी. दिरांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे, परंतु गड चढण्याचा अनुभव आणि इतरांना दोराने उतरवण्याची जबाबदारी घेण्याचा अनुभव यांत फार अंतर आहे. रॅपलिंगसाठी फारसा न ताणला जाणारा स्टॅटिक दोर, साधारण 10 ते 11 मिलिमीटर जाडीचा, लागतो; तो किती वर्षे वापरला गेला आहे, कुठे उन्हाने कडक झाला आहे, कुठे आवरण फाटले आहे, हे भाड्याने देणारा सांगेलच असे नाही. कड्यावर अँकर, म्हणजे दोर बांधण्याचा आधार, एक असून चालत नाही, दोन स्वतंत्र हवेत. उतरणाऱ्याचा हात डिसेंडरवरून, म्हणजे दोराला लावलेल्या उतरण्याच्या साधनावरून, सुटला तरी तो पडू नये म्हणून दुसऱ्या दोराचा बिले, म्हणजे दुसऱ्या माणसाने धरलेला सुरक्षेचा दोर, हवा. हे शब्द ज्याच्या तोंडी सहज येतात आणि जो ते हाताने करून दाखवतो, अशा माणसाशिवाय 45 फुटांचा टप्पा उतरू नये.

दिरांची हौस मोडावी असेही मला वाटत नाही. त्यांनी आणि गटातल्या आणखी दोन-तीन धडधाकट मंडळींनी वेगळ्या तारखेला, अनुभवी आयोजकाबरोबर दुसरा बेत जरूर करावा. आयोजक निवडताना जाहिरातीतले फोटो पाहण्यापेक्षा त्याला फोन करून सरळ विचारावे: गटात एकूण माणसे किती, प्रशिक्षित लीडर किती, प्रत्येकाला हेल्मेट मिळणार का, बिले दिला जातो का, सर्वांत मागे कोण असतो, आणि कड्यावर पोहोचायला ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर काय करता. शेवटच्या प्रश्नाला "उशीर होतच नाही" असे उत्तर देणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. राज्य शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. आपली नोंदणी झाली आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

आता नऊ जणांच्या दिवसाकडे येऊ. रात्रीची लोकल, पहाटेची जीप आणि लगेच दरी हा क्रम तरुण मुलांच्या अंगवळणी पडलेला असतो, पण दगडांवरून चालताना न झोपलेल्या माणसाचा पाय चुकतो, आणि परतीच्या वाटेवर गाडी चालवणाराही न झोपलेलाच असतो. माझ्या हिशेबी या सहलीतली सर्वांत धोकादायक जागा दरीत नसून रविवारी रात्रीच्या रस्त्यावर आहे. म्हणून शनिवारी दुपारच्या लोकलने कसाऱ्याला उतरावे, आधी फोनवर ठरवलेल्या जीपने घोटी, बारी, शेंडी या मार्गाने साम्रद गाठावे आणि रात्री गावातच एखाद्या घरी मुक्काम करावा. कसाऱ्याहून दोन-अडीच तास सहज लागतात. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्यामुळे कसारा घाट टाळता येतो. औषधे, बॅटऱ्या, रोख पैसे असे काही राहिले असेल तर ते शेंडीत घ्यावे, पुढे मोठी दुकाने नाहीत. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तेव्हा वन विभागाचे शुल्क भरावे आणि जंगलात चूल पेटवू नये. गावातल्या घरी पिठले-भाकरी इतकी चांगली मिळते की स्वयंपाकाचे सामान ओझे म्हणून नेण्याची गरजही नाही.

रविवारी उजाडल्याबरोबर चहा-पोहे घेऊन निघावे. सात-सव्वासातला घर सोडले तर मागून येणाऱ्या गर्दीच्या आधी आपण दरीत असाल. गावातला एक माहीतगार माणूस वाटाड्या म्हणून अवश्य घ्यावा. तो वाट दाखवतो हे झालेच, पण कोणत्या धोंड्याच्या उजवीकडून बसून उतरायचे आणि कोणत्याला वळसा घालायचा हे त्याच्या पायाला ठाऊक असते, आणि नणंदबाईंना त्याचाच खरा उपयोग होईल. परत फिरण्याची वेळ साडेदहा धरावी. साडेदहाला जिथे असाल तिथून, कडा शंभर पावलांवर राहिला असला तरी, मागे वळावे. येताना चढ असतो आणि माणसे दमलेली असतात, म्हणून जायला लागला तेवढाच वेळ यायला धरावा. अशाने दोन-अडीचपर्यंत गावात जेवण होईल आणि चारच्या आत जीप निघेल.

नणंदबाईंच्या गुडघ्यांची परीक्षा आधी घेता येते. निघण्याच्या चारेक आठवडे आधी त्यांना घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत, पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन चालत जावे, लेण्यांच्या पायऱ्या वरपर्यंत चढाव्यात आणि चालतच परत यावे. उद्यान सोमवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जिना उतरताना गुडघा धरावा लागत असेल, तर त्यांनी सांदणमध्ये वाटेत साचलेल्या पहिल्या पाण्यापर्यंतच जावे आणि गटातल्या एकाने त्यांच्याबरोबर थांबावे. गुडघ्याला त्रास होतो तो चढताना कमी आणि उंच पायरीवरून खाली पाय टाकताना अधिक, आणि दरीत जातानाची सगळी वाट उतरतीची आहे. आधाराची काठी चांगली, पण मोठ्या धोंड्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून ती मिटवून पिशवीला लावता येईल अशी असावी. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे हे सांगायला नकोच.

पाण्याविषयी आपण विचारले नाही, पण ते सांगितले पाहिजे. दरीत दोन ठिकाणी पाणी साचलेले असते. पहिले उथळ असते, दुसरे त्याहून खोल. पावसाळा संपल्यावर त्यात कंबरेच्या वर पाणी असू शकते आणि उन्हाळ्याकडे ते आटत जाते. जानेवारीत ते किती आहे हे निघण्याच्या आदल्या दिवशी साम्रदच्या घरमालकांना फोन करून विचारावे. ऊन तळापर्यंत पोहोचत नसल्यामुळे पाणी हुडहुडी भरेल इतके थंड असते. त्यात उतरताना बहुतेक लोक बूट काढून गळ्यात अडकवतात आणि तिथेच तळवा कापून घेतात. बूट पायातच ठेवावेत, कोरडे मोजे आणि एक जादा पँट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यावी आणि मोबाइल, गाडीची किल्ली, औषधे छातीच्या वरच्या खिशात ठेवावीत. बूट खाचा असलेल्या रबरी तळव्याचे, निदान महिनाभर वापरलेले असावेत. फोमच्या तळव्याचे जॉगिंगचे बूट ओल्या बेसॉल्टवर घसरतात. नवे कोरे महागडे बूट त्या दिवशी प्रथम घालणाऱ्याची जी अवस्था होते ती वर्णन करण्याजोगी नाही.

आपल्या मुलाने पाण्यात पोहण्याचा हट्ट धरला तर त्याला परवानगी देऊ नये. पाण्याखालचे दगड दिसत नाहीत. त्याला पुढे पळू न देता वाटाड्याच्या लगेच मागे ठेवावे. आणि दिरांना एक काम मी सुचवतो, ते त्यांना साजेसे आहे: त्यांनी सर्वांत मागे चालावे. मागच्या माणसाच्या पुढे सगळे असले पाहिजेत, ही एकच जबाबदारी, पण ती अनुभवी माणसालाच देता येते.

दोन धोक्यांकडे विशेष लक्ष द्यावे. पहिला पाऊस. पावसाळ्यात दरीत जाण्यास बंदी असते आणि ती योग्यच आहे, कारण पठारावरचे पाणी याच भेगेतून कोकणात कोसळते. जानेवारीत ही भीती सहसा नसते. परंतु बेत पुढे ढकलला जाऊन एप्रिल-मेवर गेला, तर दुपारचा अवकाळी पाऊस येऊ शकतो, आणि दरीत उभे राहून मागचे आकाश दिसत नाही. हवामान विभागाने वादळी पावसाचा इशारा दिला असेल त्या दिवशी आत शिरू नये. दुसरा धोका आग्या मोहोळांचा. उंच कड्यांवर ती असतात, आणि अरुंद दरीत पळायला जागा नसते. अंगाला अत्तर किंवा डिओ लावू नये, सिगारेट पेटवू नये, प्रतिध्वनी ऐकण्यासाठी आरोळ्या ठोकू नयेत. माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नये, तोंड आणि मान कापडाने झाकून शांतपणे त्या जागेपासून दूर व्हावे. वरून दगड येण्याचा संभव सगळीकडेच असतो, म्हणून खाण्यासाठी भिंतीला टेकून न बसता त्यातल्या त्यात रुंद जागा निवडावी.

बायकांच्या सोयीविषयी घरात कोणी बोलले नाही, याचे मला आश्चर्य वाटले नाही. मुक्कामाच्या घरी स्वच्छतागृह आहे का, ते कसे आहे, हे ठरवतानाच स्पष्ट विचारावे आणि सकाळी निघण्यापूर्वी सगळ्या जणींना पुरेसा वेळ मिळेल असे पाहावे. गावाबाहेर पडल्यावर परत येईपर्यंत, म्हणजे सहा-सात तास, कसलीही सोय नाही, आणि दरीत आडोसाही कमी. या भीतीने बायका पाणी पिणे टाळतात आणि मग दुपारी डोके दुखते, पायात गोळे येतात. तसे करू नये. दरीत शिरण्यापूर्वी वाटेवर झाडीचा आडोसा मिळतो. तिथे दोघी-दोघींनी जावे आणि पुरुषांनी न सांगता पुढे जाऊन थांबावे. पाळी सुरू असेल किंवा येण्याजोगी असेल तर लागणारे सामान, कागद आणि दोन घट्ट बंद होणाऱ्या काळ्या पिशव्या प्रत्येकीने स्वतःजवळ ठेवाव्यात, आणि वापरलेले सगळे मुंबईला परत आणावे. साचलेल्या पाण्याजवळ काहीही टाकू नये, आसपासची जनावरेही तेच पाणी पितात.

खाण्याचे फार मनावर घेऊ नये: दशम्या किंवा ठेपले, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, संत्री, आणि प्रत्येकी अडीच-तीन लिटर पाणी, त्यात एक बाटली मीठ-साखर किंवा इलेक्ट्रलची. एक डोक्याला लावायची विजेरी प्रत्येकाकडे असावी, दिवसाचा ट्रेक असला तरी.

तारीख निवडताना 26 जानेवारीला लागून येणारी सुटी टाळावी. शक्य असेल तर सगळ्यांनी एक दिवस रजा काढून रविवारी संध्याकाळी पोहोचावे आणि सोमवारी दरी पाहावी, म्हणजे गर्दीचा प्रश्नच उरणार नाही. निघताना मुलुंडला मागे राहणाऱ्या एका जबाबदार व्यक्तीच्या हाती एक कागद द्यावा. त्यावर नऊ जणांची नावे, वये, कोणाला कोणते औषध चालते, साम्रदच्या घरमालकांचा आणि जीपवाल्याचा क्रमांक, आणि आपण कड्याच्या पुढे उतरणार नाही ही नोंद असावी. संध्याकाळी सहापर्यंत आपला फोन आला नाही तर त्या व्यक्तीने प्रथम घरमालकांना विचारावे. गट गावात परतलेला नाही असे कळले तर घरमालकांना गावातली माणसे घेऊन दरीच्या साम्रदकडच्या तोंडाशी जाण्यास सांगावे, आणि लगेच 112 वर फोन करून, गिर्यारोहकांच्या बचाव पथकाला कळवण्याची विनंती करत, हा कागद जसाच्या तसा वाचून दाखवावा.